सुभद्राकाकींनी चिकटवलेली दुरुस्ती

आज पहाटे सुभद्राकाकी गेल्या.
गावात त्यांना ‘ड्रमवाली’ म्हणायचे. म्हणणाऱ्यांनी ही पोस्ट नीट वाचावी.

काकी म्हणजे माझ्या नवऱ्याची चुलती. ग्रां बुआ या आमच्या बेटावरच्या ऊसवाल्या गावातल्या महिला मंडळाचा ‘घर आवरा’ नावाचा एक कागद त्या काढायच्या. महिन्यातून एकदा, पाठपोट छापलेला. तांदळातले किडे, भिंतीची ओल, सिक्लोनच्या, म्हणजे चक्रीवादळाच्या, आधी घरात काय कुठे ठेवायचं, सगळं त्यात.

बायका तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायच्या. रोज दार उघडलं की समोर.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सुरिनामहून लग्न होऊन आलेली वीस वर्षांची सून. टायपिंग येत होतं, म्हणून छपाईचं स्टेन्सिल टाइप करायचं काम माझ्याकडे.

एका महिन्यात खाली थोडी जागा उरली.
काकी म्हणाल्या, “तुज्या माहेरची कायतरी युक्ती टाक.”

मी टाकली. उसाच्या इस्टेटीतला रिकामा ड्रम आणा, राखेने तीनदा घासा, सिक्लोनसाठी पिण्याचं पाणी भरून ठेवा.

माझे बाबा आणायचे ते ड्रम उसाच्या मळीचे होते. ग्रां बुआत लोक आणायचे ते ड्रम उसातलं गवत मारायच्या औषधाचे.
मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. नवी सून, शहाणपण दाखवायची घाई.

कागद वाटून झाला. काकींनी सगळ्यात आधी स्वतःचा ड्रम घासून भरला. सांडलेलं पाणी बदकं प्यायली. संध्याकाळपर्यंत दोन मेली.
काका इस्टेटीतून आले, ड्रम बघितला आणि कपाळाला हात लावला.

दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यावर दोन लाल बावटे चढले. म्हणजे सिक्लोन जवळ आलेलं. आता घरोघर पाणी भरणार.

काकी मला घेऊन तडक गावच्या मराठी सभेच्या प्रेझिदाँकडे, म्हणजे अध्यक्षांकडे, गेल्या. महिला मंडळ त्यांच्या हाताखाली आणि छपाईचं यंत्र त्यांच्या कुलपात.

“सुभद्रा, पुढल्या कागदात ती ओळ घालू नको, बास. कोनाला कळनार? सभेचं नाव कशाला खराब करतेस?”

“पुढला कागद पुढल्या महिन्यात. तवर सिक्लोन थांबनार हाय काय?”

“चावी नाय मिळनार.”

“र्‍हाऊ दे. मो पा पेर, मी नाय भीत. तुमच्या चावीला भ्यायची नाय, आन् तुम्हाला बी नाय.”

घरी आलो. मी कार्बन पेपर लावून टाइप करायला बसले. काकी मजकूर सांगत होत्या.
‘ड्रमात पिण्याचं पाणी भरू नका. त्यात विष आहे. भरलं असेल तर ओता. मागच्या कागदात मी चुकीचं लिहिलं. सुभद्रा.’

माझी बोटं थांबली. “काकी, चूक माझी. माझं नाव घाला.”

“तू नवी सून. हे लोक तुला जल्मभर खातील. माझं काय खानार? टाइप कर.”

मी टाइप केलं. त्याची लाज मला आजही वाटते.

मग मैद्याची खळ शिजवली आणि दोघी निघालो. नुसती चिठ्ठी हातात दिली असती तर चुलीत गेली असती. काकींचं म्हणणं, चूक जिथं बसली तिथंच दुरुस्ती बसवायची. प्रत्येक घरात कपाट उघडायचं, त्या ओळीवर खळ फासायची, चिठ्ठी दाबून बसवायची. बाहेर वारा एवढा की चिठ्ठ्या पोलक्यात कोंबून नेल्या.

एका आजीने ड्रम काठोकाठ भरून ठेवला होता. “नळावरून बादल्या वाहून कंबर मोडली माझी. मी नाय ओतनार.”
काकींनी वाद घातला नाही. पदर खोचला, ड्रमला खांदा लावला आणि आडवा केला.
आजीने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो ऐकत आम्ही तिची सगळी पातेली नळावरून भरून आणली.

सिक्लोन आलं. पत्रे उडाले, ऊस झोपला.
पाण्याने गावात एक माणूस आजारी पडला नाही.

आणि बक्षीस काय मिळालं? कागद काकींच्या हातातून काढून प्रेझिदाँच्या वहिनीकडे दिला. त्या कागदात पुढे एकदाही चूक झाली नाही. म्हणजे, दुरुस्ती कधी छापली नाही.

ऐंशीचं अख्खं दशक काकींनी ‘ड्रमवाली’ ऐकून काढलं. हळदीकुंकवाला गेल्या तरी कोणीतरी विचारायचं, “काकी, पाणी प्यायलं तर चालेल ना?”
त्या म्हणायच्या, “पी. मेलीस तर चिठ्ठी चिकटवीन.”
मी तोंड उघडायला गेले की डोळे वटारायच्या.

आज मी आणि माझी मुलगी घर आवरण्याची वेबसाइट चालवतो. मागे एकदा चुकीची माहिती गेली. मुलगी म्हणाली, “मम्मी, गुपचूप एडिट कर ना. कोण बघतंय?”
मी तिच्यावर एवढी ओरडले की शेजारीण आली.
आमच्या साइटवर चुकीची ओळ पुसत नाही. ती खोडलेली दिसते, शेजारी दुरुस्ती, तारीख आणि चुकणाऱ्याचं नाव. ‘प्रोफेशनल वाटत नाही’ असं ज्यांना वाटतं त्यांनी दुसरी साइट बघावी.

आज दुपारी अंगणात माणसं बसली होती. सभेतलेच एक गृहस्थ म्हणाले, “बाई चांगली होती. ती ड्रमची एक चूक सोडली तर.”

मी चहाचा ट्रे खाली ठेवला.
“ती चूक माझी होती,” मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मी सुचवली, मी टाइप केली. काकींनी फक्त ती दुरुस्त केली. तुमची सभा तेव्हा छपाईच्या यंत्राची चावी लपवून बसली होती.”

कोणी चहा घेतला नाही. नका घेऊ.

काकी, तुमच्या देखत हे बोलायची हिंमत मला झाली नाही. माफ करा.
तुम्हाला शेवटचा नमस्कार.