मध्ययुगाच्याही आधीचं

पत्रक लिहिताना मला एक शब्द हमखास लागतो: मध्ययुगीन. सीवूड्सच्या टॉवरमध्ये घरकामाच्या बायांना वेगळी लिफ्ट ठेवली, तेव्हाही मी तोच लिहिला. खळ ढवळता ढवळता मैत्रीण म्हणाली, "मध्ययुगात लिफ्ट होती का गं?" आणि तरी ते पोस्टर जुईनगरभर माझ्याबरोबर तिनेच चिकटवलं. पोस्टरला दोघी लागतात. एकीने वरची कड धरायची, दुसरीने ब्रश मारायचा. आमच्या संघटनेत भाषणाला पुष्कळ जण येतात. खळीच्या बादलीपाशी आम्ही दोघीच.

ती सांगलीकडच्या जैन घरातली. वडील वाशीच्या मार्केटात गुळाच्या पेढीवर. आधी तिने बटाटा सोडला. मला हसू आलं. वडा मला, पाव तिला, असं ठरलं. मग सूर्यास्तानंतरचं जेवण सुटलं. मग चातुर्मासाला एक माताजी आल्या, पांढऱ्या साडीतल्या वृद्ध साध्वी, आणि मैत्रीण रोज त्यांच्यापाशी जाऊन बसायला लागली. दिवाळी झाल्यावर तिने सांगितलं, माताजी आता पायी सांगलीकडे निघणार आणि तीही व्रत घेऊन त्यांच्याबरोबर जाणार. कायमची. घरच्यांनी रडत रडत होकार दिला. मला कुणी विचारलंच नाही. मैत्रिणीची परवानगी लागते असं कुठल्याच शास्त्रात नसावं.

माताजींनी तिला नाही म्हणावं, एवढंच मागायला मी तिच्या घरी गेले. त्या दिवशी माताजींचा आहार तिथेच होता. त्या दिवसातून एकदाच जेवतात, स्वतःच्या ओंजळीत, आणि पाणीही तेव्हाच पितात. मी स्वयंपाकघराबाहेर उभी. मैत्रीण धूतवस्त्रात, त्यांच्या ओंजळीत घास ठेवत होती. जेवण जेमतेम सुरू झालं असेल, तोच घासात केस निघाला. माताजींनी ओंजळ सोडली. संपलं. आता उद्यापर्यंत पाणीसुद्धा नाही. मैत्रिणीची आई तोंडाला पदर लावून खाली बसली. माताजी मात्र हात धुऊन शांतपणे बाहेर येऊन बसल्या.

माझं डोकंच सणकलं. एका केसापायी म्हातारी बाई उपाशी, आणि चांगली शिकलेली माणसं हात जोडून बघतायत.

"माताजी, स्पष्ट बोलते. हे मध्ययुगीन आहे."

"मध्ययुगीन?" त्या म्हणाल्या. "नाही बाळ. त्याच्याही पुष्कळ आधीचं आहे."

सगळे हसले. मैत्रीणही हसली, आणि ती त्यांच्या बाजूने हसली.

मी मुद्दे पाठ करून गेले होते. घरचा दबाव, शिक्षण, बाईच्या शरीरावरचा हक्क. एकही तोंडातून निघेना. "तिला नेऊ नका," एवढंच म्हणाले. माताजी म्हणाल्या की त्या कुणालाच नेत नाहीत, तिची ती येते आहे, तिलाच विचार. सगळ्यांसमोर विचारायचं जिवावर आलं. तरी विचारलं.

"तुझ्याबरोबर पोस्टरं चिकटवताना मला कधी शांत वाटलं नाही गं," ती म्हणाली. "इथे वाटतं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? राग नको धरूस."

राग धरायला मला येतो, आजवर तेच तर केलंय. पण धरायचा कुणावर? तिला कुणी कोंडलेलं नव्हतं. फसवलेलं नव्हतं. असतं, तर मी पत्रक काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघी निघाल्या. मी नेरूळच्या पुलापर्यंत बरोबर चालले. तिच्या पायात चप्पल नव्हती. मला कुणी परत जा म्हणालं नाही. चल, असंही नाही.

मला ते अजून पटलेलं नाही. टॉवरमधली लिफ्टही तशीच आहे, म्हणून नव्या पोस्टरवर शब्दही तोच आहे. परवा जुईनगरला एकटीने लावलं. वरची कड हनुवटीने भिंतीशी दाबायची आणि चाचपडत खाली ब्रश मारायचा. वाकडंच लागतं. गळ्यावर खळ सुकते, कातडी ओढते. माझी पोस्टरं हल्ली माझ्या हनुवटीपेक्षा उंच जात नाहीत.