कोहक्याच्या प्लॉटचा चार्ज

दादा पुण्याहून दिवाळीला आला तो मिठाईऐवजी एक भलाथोरला खोका घेऊन. खोक्यावर पिरॅमिड, बुरूज, जहाजं आणि वर लखलखता सूर्य. "फॅमिली गेम आहे. प्रत्येकानं आपापली संस्कृती उभारायची," असं त्यानं जाहीर केलं. आमच्या कुटुंबानं मिळून आजवर फक्त पापड वाळवले होते, त्यामुळे मी हे बघायला चरोद्याच्या सासरहून मुद्दाम स्कूटी काढून आले.

खरं तर तो संस्कृती उभारायला नाही, प्लॉट विकायला आला होता. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाले होते आणि सेक्टर दहामधलं कंपनीचं क्वार्टर उन्हाळ्याआधी सोडायचं होतं. जवळच कोहक्याला बाबांचा एक जुना प्लॉट होता. आईला तिथं घर बांधायचं होतं. लग्न होऊन आल्यापासून ती क्वार्टरमध्येच राहिली. भिंतीत खिळा ठोकायचा म्हटला तरी बाबा म्हणत, "कंपनीची भिंत आहे." दादाचं म्हणणं, प्लॉट विकावा, तो पैसा घालून पुण्यात मोठा फ्लॅट घ्यावा आणि त्यातली एक खोली आईबाबांना द्यावी. त्या खोलीला तो आतापासूनच 'तुमची मास्टर बेडरूम' म्हणत असे. बाबा दोघांनाही "पाहू" म्हणत. आमच्या घरचा कारभार वर्षानुवर्षं त्या एका शब्दावर चालला होता.

तेव्हा आधी सगळ्यांना हसतखेळत बसवायचं आणि मग हळूच विषय काढायचा, असा दादाचा बेत. दिवाणखान्यात सतरंजी अंथरली. दादा, त्याच्या डावीकडे बाबा, मग आई, मग मी, असे गोल बसलो. दादानं नियम समजावले. पुण्याला गेल्यापासून तो आमच्याशी बातम्या दिल्यासारखं मराठी बोलतो. प्रत्येकाला मूठभर पत्ते मिळणार. त्यातला एक ठेवायचा, उरलेले शेजाऱ्याला द्यायचे. ठेवलेल्या पत्त्यांतून खाणी, बाजार, देवळं असं करत आपलं शहर वाढवायचं. "आणि हुशारी कशात आहे?" दादानं विचारलं, आणि उत्तरही त्यानंच दिलं. "शेजाऱ्याच्या कामाचं काही त्याच्या हाती पडू द्यायचं नाही."

बाबांना हे पटलं की नाही ते कळलं नाही, पण पत्त्यांचा पहिलाच हात आईकडे सरकवताना ते सावरून बसले आणि सुरू झाले. "हे पाय. दगडाची खाण मी तुह्यासाठी ठेवली, तुले लागन. एक देऊळ आहे, ते घेऊन घे. बाकीचं लढाईचं सामान आहे, त्या भानगडीत पडू नको."

"बाबा, सांगायचं नसतं! हे गुप्त असतं!"

"गुप्त कावून? चार्ज देताना लपवलं तर पुढच्या शिफ्टचा माणूस मरन ना!"

बाबा रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इनचार्ज होते. पुढच्या शिफ्टच्या माणसाला मशीनची सगळी खबर दिल्याशिवाय त्यांनी कधी गेट ओलांडलं नाही. चांगलं आधी सांगायचं, बिघडलेलं सगळ्यात शेवटी, म्हणजे ते लक्षात राहतं, हा त्यांचा शिरस्ता. माझ्या साखरपुड्याला ते आले तेव्हा पाहुण्यांची जेवणं उरकली होती, कारण कुठलंसं बेअरिंग खरखरत होतं आणि ते नीट समजावून सांगायचं होतं. अशा माणसाच्या हातात दादानं शेजाऱ्याला नाडायचा खेळ दिला होता. पुण्याच्या हुशारीचं मला कौतुकच वाटलं.

आईनं मात्र चार्ज बरोबर घेतला. आयुष्यभर आम्हा सगळ्यांचं उरलंसुरलं खाल्लेली ही बाई पत्ते माझ्याकडे देताना त्यात काही म्हणजे काही उरू देत नव्हती. दादा धुसफुसत राहिला. "ये चीटिंग है यार," बातम्यांचं मराठी सोडून तो म्हणाला.

मग दुसरी फेरी आली. त्या फेरीत पत्ते उलट्या दिशेनं फिरतात. म्हणजे बाबांचा हात आता दादाकडे. "हे पाय, यात काचेचा कारखाना आहे, चांगला आहे," बाबांनी सुरुवात केली. नियमांचा एवढा कैवारी माझा भाऊ, पण त्यानं निमूट ऐकलं आणि काचेचा कारखाना उचलला. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं तर म्हणाला, "जाऊ दे गं, घरचाच खेळ आहे."

तिसऱ्या फेरीत पत्ते पुन्हा आईकडे वळले आणि ती जिंकली. तिच्या शहरात देवळं होती, बाग होती, बाजार होता. बाबांच्या शहरात नुसत्या खाणी आणि विटांच्या भट्ट्या. ते शेवटून पहिले आले आणि भलतेच खूश दिसत होते.

सगळे हसताहेत असं बघून दादानं घसा साफ केला. "बाबा, त्या प्लॉटचं गिऱ्हाईक उद्या येतंय. बोलून घेऊ या."

आईनं हातातले पत्ते खाली ठेवले. ती दादाशी नाही, बाबांशी बोलली.

"इतक्या वर्षांत तुम्ही मले आज पहिल्यांदा सगळं सांगून राहिले. काय चांगलं, काय खराब. प्लांटातल्या माणसाले रोज चार्ज देत होते, अन् घरी येऊन मले नुसतं 'पाहू'. मले बी द्या ना चार्ज. त्या प्लॉटचा."

बाबा आता टाळणार, असं वाटून मला त्यांचा आधीच राग आला होता. पण त्यांनी चष्मा काढला आणि त्याच सुरात सुरुवात केली.

"रस्ता पूर्वेकडून आहे. बोअरले पाणी लागते. शेजाऱ्याची भिंत आपल्याकडं जराशी आली आहे, भांडू नको, बोलणं झालं आहे. मागच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी साचते, तिथी भर टाकावी लागन."

आई मान हलवत प्रत्येक वाक्याला "हाव" म्हणत होती. बाबा थांबले. मग खाली बघत म्हणाले, "अन् एक राहिलं. मी याले फोनवर हो म्हणून बसलो. विकतो म्हणून."

म्हणजे घर कसं बांधायचं, स्वयंपाकघर किती मोठं ठेवायचं, हे आई रोज बोलत होती आणि बाबा ऐकून घेत होते, ते सगळं फुकट. माझ्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. आईच्या नाही आलं. तिनं पदर खोचला.

"ते तुमच्या शिफ्टमंधी झालं," ती म्हणाली. "आता चार्ज माह्याकडं आहे. त्या गिऱ्हाईकाले नाही म्हणून सांग रे, पोरा."

दादा पत्ते आवरत होता. मान वर न करता, सेक्टर दहामध्ये लहानपणी बोलायचा तसं तो बोलला. "म्हणजे तुम्ही माह्याकडं येणारच नाही का, आई?"

त्याची फजिती व्हावी म्हणून मी सकाळपासून टपून बसले होते, आणि आता मला त्याचं फार वाईट वाटलं.

"येऊ ना रे, कावून नाही येणार?" आई त्याच्या पाठीवर हात ठेवत म्हणाली. "पाहुणे म्हणून येऊ."