नव्या गाडीची खांदेमळण

मुंबईहून नवी मोटार आगगाडीच्या वाघिणीवर लोणावळ्याला उतरली, की ती आधी कुसगावच्या गेणूच्या हाती जायची. गंज चढू नये म्हणून चोपडलेलं ग्रीस तो रॉकेलनं पुसायचा, एकेक नट आवळायचा, तेलपाणी भरायचा आणि इंजिन सुरू करून बॉनेटला कान लावायचा. त्यानं ‘चांगली हाय’ म्हटल्याशिवाय मोटारी विकणारे त्याचे शेठ गिऱ्हाइकाला गाडी देत नसत.

एवढ्यावर भागलं असतं तर गेणू सुखात असता. पण शेठचा नियम असा, की ज्यानं गाडी पास केली त्यानंच गिऱ्हाइकाशेजारी बसून पहिल्यांदा खंडाळ्याचा घाट उतरायचा. स्वतःचा जीव गाडीत असला की माणूस नट ढिला ठेवत नाही, असं ते म्हणत. स्वतः मात्र कधी बसत नसत. बारा वर्षं गेणू बसत होता आणि बारा वर्षं पहिल्याच वळणाला भीतीनं डोळे मिटून घेत होता. सोडून जावं तर कुठं? भाताची खाचरं धरणाच्या पाण्याखाली गेलेली. बायको कस्तुराबाई म्हणायची, भीत भीत खाल्लेलं अंगी लागत नाही. पण चुलीवरची भाकरी त्याच भीतीची होती.

एकदा कान्हे गावचे अंबाजी ठेकेदार आई झुंबरबाईला घेऊन गाडी न्यायला आले. गेणूनं दोन दिवस खपून गाडी पास केली होती. नारळ फुटला, हळदकुंकू झालं. मग म्हातारीनं तेलाची वाटी काढली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तेल-हळद चोळून खांदेमळण करतात, मग या मुक्या जनावरानं काय घोडं मारलंय? ओढायचा भार मागच्या चाकांवर असतो, एवढं तिनं लेकाकडून काढून घेतलं आणि हळद घातलेलं तेल मागच्या दोन्ही चाकांना आतबाहेर मायेनं चोळलं. उरलेलं वरून ओतलं.

त्या गाडीच्या ब्रेकचा पट्टा चाकामागच्या लोखंडी डब्यावर बाहेरूनच बसे. तेल तिथं जाताना गेणूनं डोळ्यांनी पाहिलं. तो एक पाऊल पुढं झाला, तसे शेठनी डोळे वटारले. म्हातारीची पूजा, तीही बड्या गिऱ्हाइकाच्या देखत. गेणू गप्प बसला. हे पाप होतं, आणि ते त्यालाही कळत होतं.

गाडी निघाली. खंडाळ्याच्या अलीकडे म्हैस आडवी आली, अंबाजींनी ब्रेक दाबला आणि गाडी घसरत घसरत म्हशीच्या शेपटाशी थांबली. नवी आहे, सवय होईल, असं म्हणून अंबाजी हसले. पोटात दुखतंय म्हणून आपण उतरून जावं, असंही गेणूच्या मनात येऊन गेलं. इतक्यात मागच्या सीटवरून झुंबरबाईनं प्रसादाचं खोबरं त्याच्या हातावर ठेवलं.

‘‘अंबाजीभाऊ, गाडी थांबवा,’’ गेणू म्हणाला. ‘‘आईनं लावलेलं तेल ब्रेकात गेलंय. घाटात ही थांबायची न्हाई. मला तवाच दिसलं हुतं. मी बोललो न्हाई.’’

अंबाजींचा चेहरा उतरला. त्यांनी चढ बघून गाडी उभी केली. गेणूनं पेट्रोलनं पट्टे धुतले, वाळवले, सपाटीवर तीनदा ब्रेक दाबून पाहिला आणि मगच ते घाटात शिरले. पहिल्या वळणाला गेणूनं डोळे मिटले नाहीत. बड्या गिऱ्हाइकापुढं चूक कबूल केली, आता उद्या शेठ हाकलणार, हे त्यानं मनाशी धरलं होतं, आणि त्या विचारानं त्याला बारा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अंबाजी शेठसमोर येऊन बसले. गेणू हात पुसून निरोप घ्यायच्या तयारीनं उभा राहिला. पण अंबाजी म्हणाले, एवढा खरा माणूस त्यांनी पाहिला नाही. मावळात जो कुणी गाडी घेईल, त्याला ते सांगणार, शेजारी गेणू बसला तरच पैसे द्या. शेठ खूष झाले. त्यांनी गेणूच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला.

‘‘गेणू, आता तुला मरेपर्यंत सोडत नाही.’’

शेठ बघत होते, म्हणून गेणू हसला.

घरी कस्तुराबाई वाट पाहत होती. ‘‘कामावरनं काडलं का वो?’’ तिनं विचारलं. सुटल्याची आशा तिच्या आवाजात लपत नव्हती.

‘‘न्हाई. आता कंदीच काडायचे न्हाईत,’’ गेणू म्हणाला आणि ताटावर बसला.