जोडीतला दुसरा बैल

आमच्या सरांचा कुणावरच विश्वास नव्हता. लस बनवणाऱ्यानं आधी स्वतःच्या हातावर संशय घ्यावा, असं ते आम्हा शिकाऊ पोरांना सांगत. सुरुवात मात्र आमच्या हातांपासून करत. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांना जागा मिळेना, आमची प्रयोगशाळा भाड्याच्या खोल्यांत होती, आणि दुष्काळामुळे काचसामान धुवायलाही टँकरची वाट बघावी लागे.

घटसर्प या जनावरांच्या रोगावरची नवी लस आम्ही औशाजवळच्या चारा छावणीत तपासत होतो. प्रत्येक जोडीतल्या एका बैलाला लस, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं, हे मालकांना सांगायचं नव्हतं. पुढे रक्त तपासलं की लस घेतलेल्या बैलांतच प्रतिकारशक्ती दिसायला हवी होती. ती सगळ्यांतच दिसली.

सुया मी टोचल्या होत्या. "बाटल्यांची अदलाबदल केलीस, नाहीतर एकाच बैलाचं रक्त दोन नळ्यांत भरलंस," सर म्हणाले. "खरं सांग, नाहीतर गाठोडं बांध."

गाठोडं बांधायचं म्हणजे निलंग्याकडच्या माझ्या गावी जाऊन दुष्काळी कामावर खडी फोडायची. मी घाबरलो आणि भयंकर चिडलोही. रक्ताच्या नळ्या माझा नांदेडचा सोबती सांभाळायचा, म्हणून मी त्याच्यावर नजर ठेवली. तो माझ्यावर ठेवून होताच. जेवतानाही आम्ही एकमेकांकडे चोरून बघायचो.

शेवटी मीच हट्ट धरला की छावणीत जाऊन विचारू. जीपमध्ये सरांनी मला मागच्या बाकावर बसवलं.

तिथल्या एका म्हाताऱ्या बैलवाल्याला मी विचारलं, "मामा, आमच्यामागून कुणी सुई टोचली का हो?"

"हाव. समद्यांनी औशाच्या दवाखान्यात नेऊन घटसर्पाची नेहमीची सुई टोचून आणली. तुमी दोन बाटल्या काढल्या, तवाच मनात आलं, काय तरी गडबड हाय. कोन्ता कोरडा ऱ्हायला ते कळंना, म्हनून दोघांलाबी नेलं."

आमच्या घरीसुद्धा एका बैलाला सरकीची ढेप चारली की दुसऱ्याला चारल्याशिवाय कुणी हात धूत नसे. एकाला द्यायचं नि दुसऱ्याला ठेवायचं, हे या मुलखात कोण सहन करणार होतं?

म्हातारा सरांकडे वळला. "खरं सांगा सायेब, एकाला औषध अन् दुसऱ्याला पानी, असंच केलं न्हवं?"

सर म्हणाले, "केलं. चुकलं आमचं, मामा. आधी सांगायला हवं होतं."

"मंग आमचा संशय खराच हुता की," असं म्हणत तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

परतताना सर म्हणाले, "उद्या वेळेवर ये." माझा जीव भांड्यात पडला. तरी लातूर येईपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. म्हाताऱ्याला ते 'चुकलं' म्हणाले; मला कधीच म्हणाले नाहीत.