सतरा खांबांचं माप

माझे धाकटे दीर एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचा सगळा वेडेपणा कुठून आला, हे दर वेळी समजावत बसायला नको.

दुकानात शिरायचं, पिशवीतून खात्याची पितळी वजनं काढायची, पारड्यात ठेवायची आणि काटा स्थिर होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी भाऊजी भाजी आणायला निघाले की गल्लीतले तराजू भराभर पुसले जातात. घरातही तेच. बिस्किटांचा पुडा आला की आधी वजन, मग चहा. माझी जाऊ एकदा मला म्हणाली, "ताई, मला बघायला आले तेव्हा ह्यांनी माझी उंची नजरेनं मोजली. कागदावर लिहिली होती त्यापेक्षा मी अर्धा इंच कमी भरले. पस्तीस वर्षं झाली, अजून बोलून दाखवतात."

"मग केलं कशाला लग्न?"

"म्हणाले, खरं माप सांगितलंत तर हरकत नाही."

आम्ही एकाच इमारतीत राहतो. मी दुसऱ्या मजल्यावर, ती दोघं तिसऱ्या. त्यांच्या गॅलरीसमोर नदी आहे, आणि त्या नदीवर अकरा वर्षांपूर्वी पूल बांधायला घेतला. पहिल्या खांबाचा खड्डा खणला त्या महिन्यापासून भाऊजींनी नेम धरला: महिन्याचा पहिला रविवार, सकाळी सात, गॅलरीतून पुलाचा एक फोटो. गॅलरीच्या फरशीवर कॅमेऱ्याच्या स्टँडच्या तीन पायांच्या जागी रंगाच्या तीन खुणा. फोटो न्हाणीघरात स्वतः धुवायचा आणि जाड वहीत चिकटवून खाली तारीख, वेळ, खांब किती आणि सही. त्या रविवारी दुपारपर्यंत त्यांच्याकडे कोणाला अंघोळ करता येत नसे. जाऊ माझ्याकडे टॉवेल घेऊन यायची.

कॅमेरा फिल्मचा, आणि फिल्मच्या कॅमेऱ्यांतही जगावेगळा. बटण दाबलं की त्याची लेन्स घर्र करत डावीकडून उजवीकडे फिरते, आपण मान वळवून बघावं तशी. नदीचा हा काठ ते तो काठ, सतराच्या सतरा खांब एका चौकटीत बसतात. फक्त सरळ पूल त्यात धनुष्यासारखा वाकलेला दिसतो. मी म्हटलं होतं, "भाऊजी, हा तर वाकडा आला." तर म्हणाले, "दर महिन्याला सारखाच वाकडा येतो, वहिनी. सारखा वाकडा म्हणजे बरोबर."

आता अशा माणसाशी कोण वाद घालणार?

तर हा कॅमेरा ऐन शेवटी बंद पडला. एका रविवारी लेन्स नवव्या खांबापर्यंत आली आणि तिथंच अडकली. आणि त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात आलं की तीन महिन्यांनी, अमुक बुधवारी, पुलाचं उद्घाटन. ज्या पुलानं अकरा वर्षांत एकही तारीख पाळली नाही, त्याला नेमकी आता घाई सुटली. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. पुरा झालेला पूल आणि त्यावर अजून एकही गाडी नाही, हा फोटो त्यांना हवा होता. तोच नसेल तर अकरा वर्षांची वही म्हणजे, त्यांच्याच शब्दांत, "काटा थांबायच्या आधी उचललेलं वजन."

मला गुडघेदुखीसाठी चालायला सांगितलं होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर बाजारात हिंडू लागले. हीच माझी चूक.

पहिल्यांदा गेलो कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे. दोन दुकानांच्या मधल्या बोळात त्याचं टेबल. त्यानं कॅमेरा उघडला, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ प्रेमानं आत बघत बसला.

"चाकाचा दात पडलाय."

"मग बसवा."

"माझेही पडलेत," त्यानं तोंड उघडून दाखवलं, "पण मला कवळी मिळाली. ह्याची बनवत नाहीत. नवा घ्या. परदेशात एक छोटा कारखाना हा अजून काढतो म्हणतात. मी मात्र नवा कधी पाहिलेला नाही."

तिथून मोठ्या काचेच्या शोरूममध्ये. आत इतकी थंडी की मी पदर खांद्यावर ओढून घेतला. विक्रेत्या बाई हसतमुख, तिशीच्या आसपासच्या.

"किती मेगापिक्सेलचा हवा, सर?"

"शून्य," भाऊजी म्हणाले.

बाईंनी संगणकात पाहिलं. खरंच पाहिलं हो! "सर, शून्यमध्ये सध्या स्टॉक नाही."

मग जुना स्टुडिओ. भाऊजी दारात दिसताच स्टुडिओवाल्यानं सवयीनं काउंटर पुसलं. तराजू त्याच्याकडे कधीच नव्हता, आता कॅमेरेही नाहीत. तो कपांवर लोकांचे चेहरे छापून देतो. पण जुना माणूस, ऐकून घेतलं. म्हणाला, "साहेब, वितरकाला विचारतो. वितरक म्हणेल आयातदाराला विचारतो. आयातदार म्हणेल मागणी नाही. मागणी का नाही, तर दुकानात माल नाही. आणि दुकानात माल का नाही, तर…"

"कळलं," मी म्हटलं. "पुन्हा पहिल्यापासून सांगू नका."

असा सव्वा महिना गेला. मधला एक पहिला रविवार कोरा गेला. वहीत त्या पानावर भाऊजींनी "यंत्र बंद" लिहून सही केली. जावेनं त्यांची समजूत घालायची म्हणून स्वतःच्या फोनवर, फोन हळूहळू फिरवून, पुलाचा लांब फोटो काढून दिला. भाऊजींनी भिंग घेऊन खांब मोजले. परत मोजले.

"सोळा."

"काहीतरीच काय! सतरा आहेत."

"पुलाला सतरा आहेत. तुझ्या फोनला सोळा. तुकडे जोडताना एक खांब गिळला त्यानं. उघड उघड मापात कमी."

"मग लावा त्याला सील!" जाऊ म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओवाल्याचा निरोप आला: कॅमेरा आलाय. आम्ही धावलो. म्हणजे भाऊजी धावले, मी गुडघ्याच्या परवानगीनं मागून गेले. त्याच्या ओळखीतल्या कोणी तरी परदेशातून येताना बॅगेत घालून आणला होता. कोरा करकरीत, तोच, तस्साच! भाऊजींनी खोकं हातात घेतलं, वर पाहिलं, खाली पाहिलं, चारही बाजू फिरवल्या आणि चेहरा उतरला.

"लेबल नाही."

"कसलं लेबल, साहेब?"

"आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता नाही. महिना नाही. आत नग किती ते नाही. असं खोकं विकायचं नसतं, आणि घ्यायचंही नसतं. एकतीस वर्षं मी ह्याच्यासाठीच लोकांचा माल जप्त केला."

मी कपाळावर हात मारला. "भाऊजी, तुम्ही निवृत्त आहात. इथे आपण तिघंच आहोत. डोळे मिटा आणि पिशवीत टाका."

"खोक्याचा कायदा निवृत्त झालेला नाही, वहिनी."

आणि परत दिला! हवा असलेला, दुसरीकडे कुठेही न मिळणारा, हातात आलेला कॅमेरा ह्या माणसानं परत दिला. घरी आल्यावर मी जावेला सगळं सांगितलं. ती पोळपाट सोडून बाहेर आली.

"काय नव्हतं म्हणे खोक्यावर?"

"नग किती, ते."

"नग एकच आहे," ती नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि तो माझ्या घरात बसलाय!"

आता राहिला सरळ मार्ग. स्टुडिओवाल्यानं वितरकाला फोन लावून भाऊजींच्या हातात दिला. वितरकाचा आवाज मला शेजारी उभ्या राहूनही ऐकू येत होता.

"आम्ही सुटा देत नाही, काका. सहाची पेटी असते."

"मला एक पाहिजे."

"मग उरलेले पाच मी कोणाला विकू? तुमच्या शहरातून आठ वर्षांत ही पहिली चौकशी आहे. तुम्ही सहा माणसं आणा, मी रीतसर लेबल लावून पाठवतो. पंधरा दिवसांत."

उद्घाटनाला साडेपाच आठवडे होते. भाऊजींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. जन्मात कोणाकडे काही न मागितलेला माणूस. दुकानदाराकडे पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, उपकार नको म्हणून. आणि आता त्यांना पाच जणांच्या गळ्यात एकेक कॅमेरा मारायचा होता.

पहिला गळा अर्थातच माझा. मला फोटो काढता येत नाहीत, शिकायची इच्छा नाही, आणि किंमत ऐकून मी खुर्चीत बसले. पण त्यांचा चेहरा बघवेना. "द्या एक," मी म्हटलं, "पण मला समजावायला येऊ नका." दुसरा, जाऊ. "माझ्या घरात त्याचे दोन नको आहेत," असं म्हणत म्हणत तिनं सही केली. तिसरा दुरुस्तीवाला. त्याला फोटोंशी कर्तव्य नव्हतं, नव्या कोऱ्या चाकाचे सगळे दात एकदा डोळ्यांनी बघायचे होते. चौथ्या, शोरूमच्या त्या बाई. त्या म्हणाल्या, "सर, दिवसभर मी लोकांना आकडे सांगते. एकदा शून्यवाला वापरून बघते."

पाचवा मिळेना. तीन दिवस गेले. शेवटी भाऊजी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेले, ज्याचा काटा त्यांनी पूर्वी दोनदा जप्त केला होता. किराणावाल्यानं सगळं ऐकलं आणि हात जोडले.

"घेतो साहेब. हा दंड समजू का?"

"दंड नाही! तुमची इच्छा असेल तरच."

"आहे ना इच्छा. तुम्ही सांगाल तितकी आहे."

"अशी नको. खरी पाहिजे."

अर्धा तास त्या दुकानात खरी इच्छा कशी ओळखायची ह्यावर चर्चा चालली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी किराणावाला वैतागून ओरडला, "अहो, घेऊ द्या की मला! माणसाला हौस असू नये का?" ते ऐकून भाऊजींचं समाधान झालं. हा आवाज खरा होता.

पेटी आली. पंधरा दिवसांत नाही, सत्तावीस दिवसांत. मध्ये आणखी एक पहिला रविवार "यंत्र बंद" गेला. उद्घाटनाच्या आधीच्या गुरुवारी. भाऊजींनी भिंगानं सहाही लेबलं वाचली आणि "ठीक" एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा, त्यांचा मुलगा इंजिनियर झाला तेव्हा. आम्हाला पाचही जणांना त्यांनी गॅलरीत उभं करून फिल्म भरायला शिकवली आणि बजावलं की रविवारी सकाळी त्यांच्या आसपास कोणी फिरकायचं नाही. पहिला रविवार नव्हता, पण बुधवारी पूल उघडणार, म्हणजे हा शेवटचा.

आता पुढचं माझं पाप आहे. कॅमेरे हातात, फिल्म भरलेली, आणि काय बघायचं? लांबलचक आणि सरळ अशी आमच्याकडे एकच गोष्ट. मीच म्हटलं, चला पुलावर, सातचा त्यांचा फोटो झाला की लगेच. पहारेकऱ्यानं अडवलं, तर किराणावाला छाती काढून म्हणाला, "खात्याकडून आलोय." कुठल्या खात्याकडून, हे पहारेकऱ्यानं विचारलं नाही. सव्वासातला आम्ही पाच जण रिकाम्या पुलाच्या मधोमध, आमच्या इमारतीकडे तोंड करून कॅमेरे घर्र घर्र करत होतो.

अकरा वर्षांत सात म्हणजे सात. त्या दिवशी नदीवर धुकं होतं, आणि भाऊजी सव्वासातपर्यंत ते विरळ व्हायची वाट बघत थांबले होते, हे आम्हाला कसं कळणार?

दुपारी ते ओली फिल्म दोन बोटांत धरून जिना उतरून माझ्या दारात आले. जाऊ टॉवेल घेऊन माझ्याचकडे होती.

"वहिनी, पुलावर कोण होतं?"

"आम्ही."

"पाच?"

"पाच." मी उगाच लपवत नाही. "दुसरा काढा. बुधवारपर्यंत तीन सकाळी आहेत."

"एका महिन्याला एक. दोनदा मोजायचं आणि सोयीचं ते लिहायचं, ही लबाडी झाली."

"मग हाच चिकटवा! सतरा खांब आहेत ना?"

त्यांनी खिशातलं भिंग काढलं, फिल्म खिडकीला धरली आणि मोजू लागले. जाऊ टॉवेल खांद्यावर टाकून शेजारी उभी. मला त्या क्षणी स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटत होती.

"सतरा," ते म्हणाले.

"गाड्या?"

"नाहीत."

"मग झाला की पुरा!"

त्यांनी भिंग थोडं उजवीकडे सरकवलं आणि तिथंच धरून राहिले.

"डावीकडून चौथी ही आहे का?"

जाऊ पुढे झाली, भिंग ओढून घेतलं. "हो, मीच. पदर दिसतोय."

"हललीस."

"वारा होता! तुमचा पूल सिमेंटचा आहे, मी नाही."

भाऊजी वर गेले. संध्याकाळी मी वही बघायला गेले, तर गोंद अजून ओला होता. शेवटच्या फोटोखाली त्यांच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं: वेळ सात वाजून सोळा मिनिटं. उशीर धुक्यामुळे. खांब सतरा. वाहनं नाहीत. इसम पाच, पैकी एक पत्नी. माप पूर्ण. खाली सही.

"आणि मी?" मी विचारलं. "मी नुसती इसम?"

"तुम्ही कारण आहात, वहिनी," भाऊजी वही मिटत म्हणाले. "ते लिहायला रकाना नाही."