भांड्यावरचं नाव, नंबरावरचं नाव

कळंबच्या बापूजींनी थोरल्या लेकीला, निशिगंधाला, लग्नात दिलेल्या प्रत्येक भांड्यावर, पितळेच्या गंजावर म्हणजे मोठ्या पातेल्यावरही, तिचं नाव कोरून घेतलं होतं. आमच्याकडे तशी रीतच आहे. उद्या काही झालं, तर भांडं कुणाचं यावर वाद नको.

जावई अमर पांढरकवड्याला एका कापूस व्यापाऱ्याकडे कामाला. त्याने आंदणात कॉम्प्युटर मागितला आणि इंटरनेटही. तेव्हा ते टेलिफोन लावून चालायचं. दर वेळी फोन लावला की इंटरनेटची कंपनी कॉम्प्युटरला वेगळा नंबर द्यायची, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणत. पण व्यापाऱ्याच्या हैदराबादच्या ऑफिसातला कॉम्प्युटर ओळखीच्या नंबरालाच आत घ्यायचा. म्हणून अमरला कधी न बदलणारा, कायमचा नंबर हवा होता.

कंपनीतल्या माणसाने विचारलं, "कोनाच्या नावावर देऊ जी?"

"पोरीच्या," बापूजी म्हणाले. "गंजावर तिचं नाव हाय, मंग याच्यावर काहून नाई?"

निशिगंधा त्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसायची, दसऱ्याला हळदीकुंकू वाहायची. तो सुरू कुठून होतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी पोलीस आले. अमर जायचा त्या कॉम्प्युटर क्लासच्या उर्वशी मॅडमना कुणीतरी खोट्या नावाने घाणेरड्या मेल पाठवत होतं. कंपनीने नंबर बघून नाव सांगितलं होतं. निशिगंधा.

अमर जेवत होता. त्याने मान वर केली नाही, भात कालवत राहिला.

"मले तं ते मशीन चालू बी करता येत नाई," निशिगंधा म्हणाली.

"नंबर तुया, नाव तुयं," सासू कांताबाई कडाडली, "अन् पाप माह्या पोराचं का? जळून लिवलं असन तूच!"

हवालदार अमरकडे बघून हसला. मग तिला म्हणाला, "माफी लिहून द्या बाई, मॅडम मिटवतो म्हनतात. नाईतं मंग कोर्ट."

बापूजींना बोलावून घेतलं. आता बाप आला, म्हणून निशिगंधाला धीर आला. ते तिच्याजवळ बसून हळूच म्हणाले, "सही करून टाक बाई. त्याची नोकरी गेली तं तुले खाऊ कोन घालन?"

"बाबा, मी नाई केलं."

"मले मालूम हाय. कर सही."

घर टिकावं म्हणून तिने सही केली.

महिना सरला नाही तोच कांताबाई म्हणाली, "असलं लिवनारी बाई माह्या देवघरापुढं नको." निशिगंधाला कळंबला आणून सोडलं. एकेका भांड्यावरचं नाव वाचून भांडी पोत्यात भरून दिली. कॉम्प्युटर ठेवून घेतला. त्याच्यावर कुठे तिचं नाव कोरलेलं होतं?

आता धाकट्या खुशीचं लग्न ठरलं. तिला द्यायला बापूजींनी ती पोती सोडली. भांडी चिंचेने घासायला निशिगंधालाच बसवलं. नाव कोरणारे रहमतभाई आले, तेच पहिल्या वेळचे.

"खुशीच्या नवऱ्याले बी इंटरनेट देता का, बाबा?" तिने विचारलं.

"देतो ना. पन नंबर त्याच्याच नावावर. अक्कल आली मले आता."

निशिगंधाने पुढचं भांडं घासायला घेतलं. ती रोज चिंतामणीच्या देवळात जाते. काय मागते, ते विचारायची शेजारी राहूनही माझी छाती होत नाही.

रहमतभाईंनी गंज उचलला. "हे नाव मिटवू, ताई?"

"मिटन का सारं?"

"पितळ हाय. कानशीनं घासलं का मिटते."

कानस फिरू लागली आणि गंज हलू लागला, तेव्हा तिने दोन्ही हातांनी तो घट्ट धरून ठेवला. तिचं नाव पुरतं जाईपर्यंत.