गाभण समजलेली कपिली

आज तिवसा गावच्या दुकानात भिजल्या सरकीच्या ढेपीचा वास आला अन् मले आमची कपिली गाय आठवली. लहानपणी तिचं पोट रोज वाढताना दिसे, तं आमी समजलो गाभण हाये. मी गल्लीभर सांगून आली, तिले जास्तीची ढेप चारली. मंग तिनं खाणंच सोडलं. आईनं डॉक्टरले बोलावलं. त्यायनं हात घालून तपासलं.

"चरताना तार गिळली हिनं. पोटाची नस गेली, पोट हालूनच नाही राहिलं. इलाज नाही, बाई."

"वासरू तरी वाचन का, साहेब?"

"वासरू नाहीच. चारा तुंबला, पुढं सरकतच नाही, म्हणून पोट फुगलं."

आई तरी कपिलीच्या पोटावर हात फिरवतच राहिली. आता समजते, आमी वासराचं नाव ठरवून राहिलो होतो तवा कपिली उपाशी मरून राहिली होती.